मागच्या काचेवरचं नाव

आबांच्या घरात एक नाव घ्यायला बंदी होती आणि तेच नाव त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर वीतभर अक्षरांत लिहिलेलं होतं. फाटकातून शिरताना ते वाचायचं आणि उंबरा ओलांडला की विसरायचं, असा आमच्या कॉलनीचा अलिखित नियम होता. दूधवाल्यापासून सगळे तो पाळत. मीही पाळत असे, पण मला त्याचा राग येई. अंबडच्या कारखान्यात मी आयुष्यभर मालाची तपासणी केली. जे डोळ्यांना दिसतं ते दिसत नाही असं म्हणायची मला सवय नाही.

नाव होतं मयूरी. आबांची एकुलती एक मुलगी.

आबा मूळचे सायखेड्याचे. गोदाकाठी त्यांची द्राक्षबाग, आणि नाशकात गंगापूर रोडला आमच्या शेजारी बंगला. बंगल्यात आबा, त्यांचे धाकटे भाऊ तात्या, तात्यांचा मुलगा सागर आणि त्याची बायको-मुलं असं एकत्र कुटुंब. मयूरी शाळेत असतानाच आबांची बायको वारली होती. त्यानंतर घरात शेवटचा शब्द आबांचा आणि त्याच्या अलीकडचा मयूरीचा, अशी व्यवस्था होती.

आबा सगळ्यांना 'मालक' म्हणत. मला, डॉक्टरांना, पेट्रोलपंपावरच्या माणसाला, अगदी चौकात पावती फाडणाऱ्या हवालदारालाही. समोरचा एकदा मालक झाला की त्याला आबांशी भांडता येत नसे. स्वतः मात्र ते कधी भांडणात आवाज चढवत नसत. उलट राग आला की आवाज खाली जाई. तात्या मोठ्याने बोलू लागले की आबा हळू होत, आणि अगदी पुटपुटल्यासारखं "इषय संपला" म्हणत. मग तो विषय खरंच संपे. निदान घरातल्या बाकीच्यांपुरता.

गाडी घेतली ती मयूरीच्या हट्टाने. साधीसुधी नव्हे, परदेशी बनावटीची, काळी, बसलं की आपण कुणाच्या तरी दिवाणखान्यात चुकून शिरलोय असं वाटावं अशी. आबांनी त्या गाडीचा आठवडाभरात ट्रॅक्टर केला. डिकीत कोथिंबिरीच्या जुड्या, मागच्या सीटवर बागेत मारायच्या गंधकाची पोती. गाडीत बसताना ते चपला काढत, त्या हातात घेऊन पायाशी ठेवत आणि मलाही काढायला लावत. मागच्या सीटवर कधी बसत नसत. बाळू ड्रायव्हरच्या शेजारी पुढे बसत. मागं बसतो तो पाव्हणा, म्हणत.

आपल्याकडे गाडीच्या मागच्या काचेवर मुलाचं नाव टाकायची पद्धत आहे. सायखेड्याच्या रस्त्याला उभं राहिलं तर गावातल्या सगळ्या वंशाच्या दिव्यांची हजेरी काचा वाचून घेता येते. त्यात मुलीचं नाव शोधून सापडायचं नाही. आबांनी गाडी दारात आली त्याच दिवशी नाशकातल्याच द्वारका चौकातल्या एका दुकानात नेऊन पांढऱ्या अक्षरांत 'मयूरी' टाकून घेतलं. शेवटच्या वेलांटीला मोरपीस. तात्यांनी तेव्हाच टोकलं होतं की पोरगी उद्या परक्याच्या घरी जाणार, काचेवर कशाला? आबा म्हणाले, जाईल तेव्हा गाडीत बसूनच जाईल ना.

ती गाडीत बसून गेली नाही. नोकरीतल्या एका सहकाऱ्याशी तिने नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मुलगा चांगला होता, शिकलेला होता, आणि आबांच्या जातीचा नव्हता. आडनाव ऐकलं की कळत होतं. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा लगेच जात शोधायला लागेल, आणि मग आबा बाजूलाच राहतील.

भावकी जमली. तात्यांनी सांगितलं की आपल्याला अजून पोरी उजवायच्या आहेत, गावात तोंड दाखवायचं आहे, तेव्हा घरातल्या थोरल्याने, म्हणजे आबांनी, काय ते करावं. एखादं माणूस आपल्यापुरतं मेलं असं जाहीर करायचं असलं की आपण त्याच्या नावाने आंघोळ करतो. बोलण्यात तर रोजच करतो. आबांना ती खरोखर करायला लावली, सायखेड्याच्या घाटावर, सगळ्यांच्या देखत. मी गेलो नव्हतो. बाळूने सांगितलं की आबा नेसत्या कपड्यांनिशी पाण्यात उतरले, बुडी मारली आणि तसेच ओले गाडीत येऊन बसले. मागे. पहिल्यांदाच मागे.

मला आबांचा त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा नंतर कधी आला नाही. ज्या माणसाने अख्ख्या तालुक्यासमोर मुलीचं नाव मिरवलं, त्याने अख्ख्या तालुक्यासमोर ते पाण्यात सोडावं? काही दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे कुंपणावरून द्राक्षांची पाटी दिली, म्हणाले, "राग धरा मालक, पण द्राक्षं खा. ती तुमच्यासाठी थांबणार नाय." मी खाल्ली.

घाटावरून आल्यावर तात्यांनी लगेच काचेचा विषय काढला. नाव खरडून टाकू. आबांनी सांगितलं की मागच्या काचेत तारा असतात, हिवाळ्यात धुकं धरू नये म्हणून काच तापवायच्या. नाव खरडलं तर तारा तुटतील, आणि एवढ्या भारी गाडीची काच त्यासाठी वाया घालवायची नाही. तारा काचेवर दिसत होत्याच, आडव्या, बारीक, तपकिरी. द्राक्षवाल्यांना पहाटे धुक्यात बागेवर जावं लागतं. सगळ्यांना पटलं. मयूरी घरातून गेली आणि काचेवर राहिली.

पुढची काही वर्षं हे असंच चाललं. गाडी धुवायचं काम बाळूचं, पण मागची काच आबा स्वतः पुसत. उपरण्याच्या टोकाने, अक्षरांच्या कडेकडेने. तो गाडीच्या मागे उभा राहिलेला पाठमोरा माणूस मला सकाळी चहा घेताना खिडकीतून दिसे. त्यांना वाटे आपल्याला कुणी पाहत नाही. शिवाय दर गुरुवारी बाजार समितीतून परतताना गाडी सरळ घरी येत नसे. इंदिरानगरला वळसा घाली. वाटेत ना कुणी नातेवाईक, ना कुठलं काम. बाळू सांगे, एका सोसायटीच्या समोरून जाताना आबा नुसतं "हळू" एवढंच म्हणतात, आणि मान खिडकीकडे वळवतसुद्धा नाहीत. गाडी पुढे गेली की तिची पाठ सोसायटीकडे होते, एवढंच त्यांना हवं असे.

त्या सोसायटीत मयूरी राहत होती. ती मला अधूनमधून फोन करी, आबांचं रक्तदाब-गोळ्यांचं विचारी, आणि कधी आबांवर बोलत नसे. एकदाच म्हणाली, "काका, गॅलरीतून दिसते मला गाडी. नाव आहे तोवर मी आहे त्या घरात. एवढं पुरतं मला." मला ते पुरत नव्हतं. पण मी कोण?

एका वळवाच्या वाऱ्यात आबांच्या अंगणातल्या माडावरून नारळ पडला, तो थेट गाडीच्या मागच्या काचेवर. ती काच तडकत नाही. तिचा एका क्षणात भुगा होतो, साखरेच्या जाड दाण्यांसारखा. मी आवाजाने धावत गेलो तेव्हा काचेच्या जागी भोक होतं आणि डिकीभर दाणे. फक्त नाव तेवढं स्टिकरच्या चिकटपणाने धरून ठेवलेलं, दाण्यांसकट लोंबत होतं. आबा आले. बाळू झाडू घेऊन पुढे झाला तर त्याला हाताने मागे केलं, आणि ती अक्षरं एकेक करून सोडवू लागले. बोटांना रक्त आलं तेव्हा मी म्हटलं, आबा, हातमोजे तरी घाला. त्यांनी ऐकलं नाही.

तात्या पायरीवर उभे होते. ते वाईट माणूस नव्हते. भावकीत दोन मुलींची लग्नं व्हायची होती, आणि गावात लोक काय बोलतात ते आबांपेक्षा तेच जास्त ऐकत. पण त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर सुटका मला स्पष्ट दिसली. म्हणाले, "चला, नारळानंच निवाडा केला."

अशा गाडीची काच नाशकात मिळत नाही. कंपनीकडे मागणी नोंदवून वाट पाहावी लागते. तोवर भोकाला प्लॅस्टिक चिकटवून गाडी उभी होती. गुरुवार आले आणि गेले. आबा अंगणात येरझारा घालत आणि काच कधी येणार म्हणून दुकानदाराला रोज फोन करत. मी एकदा विचारलं की काच आली की पुढे काय? आबा थांबले. म्हणाले, "जुनं होतं ते नुसतं राहू द्यायचं होतं मालक. नवं टाकायचं म्हंजी तोंडानं सांगावं लागतं." आणि पुन्हा येरझारा सुरू.

काच आली तेव्हा आबा बागेवर होते. सागरने हौसेने पुढाकार घेतला. गाडी दुकानात नेली, काच बसवून घेतली, चिकटवलेली काच पक्की होईपर्यंत दारं आपटायची नाहीत म्हणून दुकानदाराने बजावलं तेही पाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पूजा मांडली. गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि मागच्या काचेवर चादर. आबांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. आम्हाला शेजाऱ्यांनाही पेढ्यांना बोलावलं होतं. आबा आंघोळ करून पांढऱ्या कपड्यांत आले आणि सागरने चादर ओढली.

काचेवर सोनेरी अक्षरांत 'शौर्य' लिहिलं होतं. वर मुकुट. शौर्य हा सागरचा मुलगा, त्या घराण्यातला पहिला नातू. सागरच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्याला वाटलं होतं, आबांच्या मनातला सल आता नव्या नावाने बुजेल. काही माणसं इतकी सरळ असतात की त्यांच्यामुळे इतरांची हाडं मोडतात.

आबा गाडीच्या मागे गेले. बराच वेळ बघत राहिले. मग बाळूकडे दाढीचं पातं मागितलं.

तात्या पुढे झाले. "आबा, शुभ दिवसाला असं करू नको. आन् तारा तुटतील. तूच म्हणायचा ना?"

आबांनी मुकुटाच्या टोकाखाली पात्याची कड घातली. टोक सुटलं. मग चिमटीत धरून त्यांनी ते ओढलं आणि अख्खं नाव, मुकुटासकट, एका ओढीत सोलून हातात आलं. काच जशीच्या तशी. तारा आतल्या बाजूला, स्टिकर बाहेरच्या बाजूला. त्यांचा एकमेकांशी कधीच काही संबंध नव्हता.

अंगणात प्रत्येकजण मनाशी तेच जुळवत होता. मी तर तपासणी खात्यातला माणूस. इतकी वर्षं ती काच रोज पाहिली आणि तारा कुठल्या बाजूला आहेत हे मी एकदाही बोट लावून बघितलं नव्हतं.

"म्हंजी इतकी वर्षं..." तात्या म्हणाले.

"हां," आबा म्हणाले. "इतकी वर्षं."

तात्यांचा चेहरा उतरला. रागापेक्षा तो दुखावलेला दिसत होता. भावाने घाटावर आपला मान राखला अशी समजूत धरून हा माणूस जगत होता. त्यांनी शांतपणे सांगितलं की तिचं नाव पुन्हा या काचेवर चढलं तर त्या दिवशी घर दोन होईल, चुली वेगळ्या होतील. आबांनी सागरला जवळ बोलावलं, सोललेलं नाव त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "पोरावर राग नाय माझा. त्याला त्याची गाडी मिळंल." मग पेढा न खाता आत गेले. हार सुकेपर्यंत गाडीवर तसाच राहिला.

त्यानंतर एकदा आबा मला घेऊन द्वारकेच्या त्या दुकानात गेले. दुकानदाराने संगणकावर अक्षरांचे नमुने उघडले आणि विचारलं, "बोला आबा, काय नाव टाकायचं?" आबा नमुने बघत राहिले. दुकानदाराने पुन्हा विचारलं. आबांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मला वाटलं आपणच सांगून टाकावं, जिभेवर आलंही होतं. पण आबांनी माझ्या दंडाला धरलं आणि बाहेर नेलं. घरी येईपर्यंत त्यांनी चपला हातातच धरल्या होत्या.

त्यांना भाऊही सोडवत नव्हता आणि मुलगीही, हे मला तेव्हा नीट कळलं. एकाच छपराखाली साठ वर्षं काढलेला भाऊ. त्याच्याविरुद्ध अक्षर चढवायचं तर आधी घरात दोन चुली मांडाव्या लागल्या असत्या. माझ्यासारख्या नोकरदाराला, ज्याचा भाऊ दिवाळीला फोन करतो, यात न्याय द्यायचा अधिकार नाही.

कोरी काच घेऊन गाडी एका गुरुवारी इंदिरानगरवरून गेली. बहुतेक बाळूनेच सवयीने वळवली. त्याच संध्याकाळी मयूरीचा फोन आला. "काका, काढलं का शेवटी?" मी तिला सगळं सांगितलं. नारळ, सागर, पातं, तारा, दुकान. ती ऐकत होती. तारांचं ऐकताना रडली असावी. पण मग म्हणाली, "दुसऱ्याचं काढलं, हे खरं. माझं टाकलं नाही, हेही खरं. त्यांना सांगा, आता गाडी इकडून नेऊ नका. कोरी गाडी मला बघवत नाही."

मी निरोप जसाच्या तसा दिला. आबांनी तो ऐकला, मान हलवली आणि पानांवर करपा पडलाय का ते बघायला बागेवर निघून गेले.

पुढे आमचं नाशिक सुटायचं ठरलं. मुलगा बंगळुरूला, आम्ही दोघं म्हातारी इथे, किती दिवस? आता आबांशी फोनवर बोलणं होतं. ते मला बंगळुरूचं हवामान विचारतात आणि नाशकाचं सांगतात. त्या एका गोष्टीबद्दल ते बोलत नाहीत, आणि मीही विचारत नाही. म्हणून माझ्याकडे आहेत ते निघण्याच्या आदल्या दिवशीचे आबा.

दुपारी सामान बांधत होतो तर ते दारात उभे. म्हणाले, चला मालक, एक चक्कर मारू. गाडीत बसलो. मुंबई नाका गेला तेव्हा मला दिशा कळली. सोसायटीच्या अलीकडच्या कोपऱ्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, चपला पायात घातल्या आणि उतरून चालू लागले. माझ्याने आत बसवेना, मी चार पावलं मागे राहून गेलो.

फाटकावर पहारेकरी होता, निफाडकडचाच असावा. "कोणाकडं जायचं बाबा?"

आबा उभे राहिले. मग म्हणाले, "मयूरीकडं."

इतक्या वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून आलं, आणि जरा घोगरं आलं. पहारेकऱ्याला त्याचं काय?

"आडनाव सांगा. नावावर नाय सापडत इथं कोणी."

आबांनी सवयीने आपलं आडनाव सांगितलं. तिच्या शाळेच्या दाखल्यावर होतं ते. पहारेकऱ्याने मान हलवली, असं कोणी इथं नाय म्हणाला. आबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला ते दुसरं आडनाव माहीत होतं, त्यांनाही होतं. ज्या आडनावासाठी ते अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरले होते तेच. मी गप्प राहिलो. एवढं एक त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणी करून चालणार नव्हतं.

आबा पुन्हा फाटकाकडे वळले आणि त्यांनी ते आडनाव सांगितलं. राग आल्यावर बोलत तेवढ्याच हळू, पण सबंध.

"मंग असं सांगा ना," पहारेकरी म्हणाला. "दोघंबी कामावर हायेत. संध्याकाळ होईल यायला. तुम्ही उद्या या."

आबांनी त्याची प्लॅस्टिकची खुर्ची पाहिली. "बसू का हितं, मालक?" असं त्याला विचारलं आणि त्याने हो म्हणायच्या आत बसले. टोपी सारखी केली. मी म्हटलं, मी थांबतो तुमच्याबरोबर, बाळूही थांबेल.

"नगा," ते म्हणाले. "गाडी घेऊन जा तुम्ही. तिनं घरात घेतलं तर मला उशीर होईल. नाय घेतलं तर त्याहून होईल."